अडीच हजारांची कार्यशाळा आणि हेमिंगमधली कपडे बदलायची खोली

शुल्क २,५०० रुपये, वर १८ टक्के जीएसटी, म्हणजे २,९५०. वेळ सकाळी दहा ते साडेचार. ठिकाण सोलापुरात होटगी रोडवरच्या एका हॉटेलचा हॉल. विषय: कामाच्या ठिकाणी लिंगभाव, श्रद्धा आणि कायदा. पैसे कंपनीने भरले, पण दिवस माझा गेला, म्हणून लिहिते. संस्थेचं नाव देत नाही. पुढे तक्रारी आहेत, आणि पुण्याहून शिकवायला आलेल्या मॅडम माणूस म्हणून चांगल्या होत्या.

मी अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात एकवीस वर्षं टाइम ऑफिस बघते. आता त्याला एचआर म्हणतात. काम तेच आहे: हजेरी, पीएफ, ॲडव्हान्स आणि भांडणं. हे भांडण गड्ड्याच्या यात्रेच्या सुमारास सुरू झालं. आमच्या हेमिंग विभागात, म्हणजे टॉवेलचे काठ शिवतात तिथे, दोन वर्षांपासून एक तृतीयपंथी मुलगी आहे. मशीनवर तिचा हात इतका साफ की तिचा माल चेकिंगवरून परत आलेला मला आठवत नाही. शेजारच्या पॅकिंगमधल्या एकीने व्हॉट्सॲपला स्टेटस ठेवलं, दोनच वाक्यांचं: 'बाई ही जन्मानेच बाई असते. बाकी सगळी सोंगं.' कुणीतरी ते या मुलीला नेऊन दाखवलं. असं नेऊन दाखवणारं माणूस प्रत्येक कारखान्यात एक असतंच.

मुलगी ऑफिसात आली, रडली वगैरे नाही. "मॅडम, त्यांना वाटतं ते वाटू दे. पण सोंग कशाला म्हणायचं?" एवढंच बोलली. दुपारी पॅकिंगवालीला बोलावलं. ती म्हणाली, "अक्का, तिच्याशी माझं काय वाकडं नाही. डबा एका जाग्यावर बसून खातो आम्ही. पण कपडे बदलायला तिथं नको वाटायलंय." तिच्या मागे आणखी सातआठ जणी आहेत हे मला माहीत होतं. त्या बोलत नव्हत्या, पण घरूनच युनिफॉर्म घालून यायला लागल्या होत्या.

मालकांचा पुतण्या एक्स्पोर्ट बघतो. आमचा बराच माल इंग्लंडला जातो. तो म्हणाला, स्टेटसवालीला सस्पेंड करा, बायरला कळलं तर ऑर्डर जाईल. सुपरवायझर म्हणाला, त्या मुलीलाच गोडाऊनला टाका, कटकट मिटेल. दोघांचीही उत्तरं अर्ध्या मिनिटात तयार होती. माझ्याकडे उत्तर नव्हतं, आणि त्याच आठवड्यात ही जाहिरात आली.

आधी चांगलं लिहिते. सकाळचं सत्र एक नंबर होतं. मॅडमनी सगळं इंग्लंडचं सांगितलं, पण कीर्तनकार आख्यान लावतो तसं. लंडनमध्ये माया फोर्स्टेटर नावाच्या बाई एका संशोधन संस्थेत करांच्या विषयावर काम करायच्या. शरीराचं लिंग जन्माचं असतं, ते बदलत नाही, असं त्या ट्विटरवर लिहायच्या. तिकडे या मताला जेंडर क्रिटिकल म्हणतात. त्यांचा करार पुढे वाढवला नाही. त्या न्यायाधिकरणात गेल्या आणि डिसेंबर २०१९ मध्ये हरल्या. हे मत लोकशाही समाजात आदराला पात्र नाही, असं तिथल्या न्यायाधीशांनी ठरवलं.

कुठल्या श्रद्धेला तिकडच्या कायद्याचं संरक्षण मिळतं, याच्या पाच कसोट्या मॅडमनी इथे थांबून फळ्यावर लिहिल्या. त्या आल्या दुसऱ्याच खटल्यातून. निकल्सन नावाच्या गृहस्थांची हवामानबदलावर ठाम श्रद्धा होती, आणि ती ब्रिटिश कायद्यात बसते का हा प्रश्न २००९ मध्ये अपिलात आला होता. श्रद्धा मनापासूनची हवी. आज वाटलं, उद्या नवी माहिती आली की बदललं, अशी नको. माणसाच्या जगण्यातल्या काही वजनदार गोष्टीबद्दल हवी. तिच्यात सुसंगती आणि गांभीर्य हवं. आणि ती लोकशाहीत आदराला पात्र हवी, म्हणजे माणसाच्या प्रतिष्ठेला आणि दुसऱ्याच्या मूलभूत हक्कांना छेद देणारी नको. फोर्स्टेटर बाई या पाचव्या पायरीवर घसरल्या होत्या. जून २०२१ मध्ये अपिलात निकाल फिरला. नाझीवाद किंवा हुकूमशाही यांच्या पंगतीतली मतंच या पायरीवर बाहेर जातात. बाकीची कुणाला कितीही खटकली तरी आत राहतात, असं अपिलात म्हटलं. जुलै २०२२ मध्ये भेदभाव झाल्याचं सिद्ध झालं आणि २०२३ मध्ये एक लाख पौंडांच्या वर भरपाई मिळाली. आकडा ऐकल्यावर मागच्या रांगेतले साखर कारखान्याचे दोघे जागे झाले.

मला मात्र भरपाईपेक्षा पुढचा भाग कामाचा वाटला. त्याच २०२१ च्या निकालात असंही आहे की, या संरक्षणाचा अर्थ ट्रान्स सहकाऱ्याला येताजाता टोचायची मुभा असा नाही. तिकडच्या २०१० च्या समानता कायद्यात श्रद्धा आणि लिंगबदल या दोन्ही गोष्टी एकाच यादीत आहेत. म्हणजे आमची पॅकिंगवाली आणि हेमिंगवाली लंडनला असत्या तर दोघी एकाच छपराखाली उभ्या राहिल्या असत्या. मॅकेरेथ नावाचे डॉक्टर सरकारी विभागासाठी तपासणीचं काम करायचे. ट्रान्स व्यक्तीला तिने सांगितलेल्या लिंगाने संबोधणार नाही, असं त्यांनी आधीच सांगून टाकलं. २०२२ च्या अपिलात त्यांच्या श्रद्धेला संरक्षण मिळालं, पण खटला ते हरले. उलट, एका शाळेतल्या हिग्ज बाईंना फेसबुकवरच्या पोस्टसाठी काढलं होतं. फेब्रुवारी २०२५ मध्ये अपील न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला. पोस्टची भाषा बोचरी असेल, पण त्यासाठी नोकरीच घालवणं म्हणजे अती झालं, असा त्याचा रोख.

हे ऐकताना मी वहीत आमचं स्टेटस लिहून काढलं आणि दोन वाक्यांमध्ये एक रेघ मारली. पहिलं वाक्य तिचं मत आहे. ते तिने ठेवावं, मला त्यात पडायचं नाही. दुसरं वाक्य शेजारच्या विभागातल्या, रोज एकत्र डबा खाणाऱ्या एका माणसाच्या अंगावर टाकलेलं आहे. दोन महिने मी या दोन वाक्यांना एकच समजून डोकं धरून बसले होते. माझे २,९५० रुपये, म्हणजे कंपनीचे, या एका रेघेत वसूल झाले.

आता तक्रारी. जेवणात पनीर बटर मसाला आणि नान. सोलापुरात दिवसभर बसवून ठेवायचं आणि ताटात शेंगा चटणी नाही, कडक भाकरी नाही! एसी इतका की मी पदर डोक्यावरून घेतला. हातात दिलेली पानं छत्तीस, सगळी इंग्रजीत. मला वाचता येतात, पण ती मी कुणाला दाखवणार? आमच्या निम्म्या बायका घरी तेलुगू बोलतात, मराठी नोटीससुद्धा मी मोठ्याने वाचून दाखवते.

मोठी तक्रार दुपारच्या सत्राची. स्कॉटलंडच्या महिला संघटनेच्या खटल्यात ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने १६ एप्रिल २०२५ ला त्या २०१० च्या समानता कायद्यातल्या 'स्त्री' शब्दाचा अर्थ जैविक स्त्री असा लावला, आणि ट्रान्स व्यक्तींचं भेदभावापासूनचं संरक्षण कायम आहे असंही म्हटलं. इथपर्यंत बरोबर. पण तिथून मॅडम थेट "आपल्याकडेही साधारण असंच धरून चाला" यावर आल्या. का धरून चालायचं? आपल्याकडे खासगी कंपनीतल्या माणसाच्या तात्त्विक मताला नोकरीत संरक्षण देणारा तसा कायदाच नाही. राज्यघटनेतलं अभिव्यक्तिस्वातंत्र्य आणि सदसद्विवेकबुद्धीचं स्वातंत्र्य मुख्यतः सरकारविरुद्ध मागायचं असतं, टॉवेलच्या कारखान्याविरुद्ध नाही. इथे स्टेटसवालीला वाचवणारी गोष्ट साधी आहे: आरोपपत्र आणि चौकशी यांच्याशिवाय कामगाराला असं उठून काढता येत नाही. दुसऱ्या बाजूला आपल्याकडे तृतीयपंथीयांचे हक्क मान्य करणारा सर्वोच्च न्यायालयाचा २०१४ चा नालसा निकाल आहे, आणि ट्रान्सजेंडर व्यक्तींशी नोकरीत भेदभाव करू नका, तक्रार अधिकारी नेमा, असं सांगणारा २०१९ चा कायदाही आहे. छत्तीस पानांत या दोन्हींना मिळून पाऊण पान.

आणि मी ज्यासाठी गेले होते ती कपडे बदलायची खोली? प्रश्न विचारला तेव्हा सव्वाचार वाजले होते, मॅडमना पुण्याची गाडी होती. "संवेदनशीलतेने हाताळा," म्हणाल्या. संवेदनशीलतेने हाताळायला मी तिथे कशाला गेले असते?

उत्तर मिळालं ते हात धुवायच्या नळापाशी. कामगार कायद्याची प्रॅक्टिस करणारे एक वयस्क वकील श्रोत्यांत होते. ते म्हणाले, "ताई, इंग्लंड राहू द्या. नवी सुरक्षा आणि आरोग्य संहिता उघडा, २०२० ची. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालीय. कलम २३ आणि २४ बघा." घरी येऊन बघितलं. पुरुष, स्त्री आणि ट्रान्सजेंडर कर्मचाऱ्यांसाठी स्वच्छतागृहं वेगवेगळी हवीत, असं तिथे सरळ लिहिलंय. अंघोळीची जागा आणि लॉकर रूम यांचंही तेच. सबंध दिवसाच्या कार्यशाळेत हे कलम एकदाही निघालं नाही.

म्हणून प्रश्न सुटला असं नाही. मी कलम वाचून दाखवल्यावर ती मुलगी म्हणाली, "म्हणजे मला एकटीला एक खोली. मग सगळ्यांना दिसणार, मी कुठल्या दारातून जाते." तेही खरंच. मला विचाराल तर शरीर जन्माचं असतं असंच मला वाटतं. दोन बाळंतपणं झालेल्या बाईला ते कुणी पटवून द्यावं लागत नाही. कपडे बदलताना संकोच वाटणाऱ्या बायकांना मी मागासलेल्या म्हणणार नाही. आणि हजेरीपटावर त्या मुलीचं जे नाव आहे त्याच नावाने मी तिला हाक मारते, तेही मला कुणी शिकवावं लागलं नाही.

सध्या हेमिंगच्या मागे गवंडी काम चाललंय. बायकांच्या खोलीत आतून कडी लागणारे चार आडोसे होतायत, आणि सुटी अशी एक वेगळी खोलीही, कलमाप्रमाणे. तिच्यावर पाटी काय लावायची हे त्या मुलीलाच विचारलंय, तिने अजून सांगितलेलं नाही. स्टेटसमधलं दुसरं वाक्य पॅकिंगवालीने काढलं, पहिलं ठेवलं. पुतण्या नाराज आहे.

पाचापैकी तीन तारे. एक सकाळच्या सत्राचा, एक मॅडमच्या बोलण्याचा, एक नळापाशी भेटलेल्या वकिलांचा, जो खरं तर संस्थेचा नव्हेच. पुढची बॅच जुळे सोलापुरात आहे म्हणे. जाणार असाल तर प्रश्न कागदावर लिहून न्या आणि जेवणाच्या आधी विचारा. अंगावर घ्यायला शालही न्या.