मेकॅनिकवाला स्टेथोस्कोप, जुन्या गाडीची टकटक आणि काही महिन्यांचा अनुभव

वस्तू काय आहे ते आधी सांगते, कारण असं काही मिळतं हेच बऱ्याच जणांना माहीत नसतं. डॉक्टरांकडे असतो तसाच, कानात घालायच्या दोन नळ्या आणि रबरी पाईप, फक्त पुढे छातीवर ठेवायच्या चकतीऐवजी एक छोटी धातूची डबी आणि तिला आट्याने बसणारी वीतभर स्टीलची सळई. सळईचं टोक इंजिनाच्या ज्या भागाला टेकवाल तिथली थरथर डबीतल्या पातळ पडद्यावर येते आणि तिथून थेट कानात. सेल नाही, चार्जिंग नाही, अ‍ॅप नाही. मी ऑनलाइन साडेचारशेच्या आसपास घेतला.

गाडी 2008 ची, पेट्रोल, चार सिलिंडर. बाबांची होती, आता मी चालवते. पंधरा वर्षं झाल्यावर पेठ रोडच्या आरटीओत पासिंग करून पाच वर्षं वाढवून घेतलीय, म्हणजे विकायची नाही हे घरात ठरलेलं आहे, बाबांसमोर तो विषय काढायचा पण नाही. तर थंडीत निफाडचा पारा पेपरच्या पहिल्या पानावर यायला लागला की नाशिकमध्ये सकाळी गाड्यांचे सगळे आजार बाहेर येतात, तसं झालं. सकाळी स्टार्ट केली की टकटकटकटक, इंदिरानगरमधून निघून मुंबई नाक्यापर्यंत ऐकू येणार आणि गाडी गरम झाली की गायब. शिवाय दुसरा एक आवाज, एसी लावला की बॉनेटच्या उजव्या बाजूने घरघर. दोन्ही आवाज एकाच वेळी चालू असले की कोणाला काय सांगायचं तेच कळेना.

गॅरेजवाल्यांची मतं ऐका. एक म्हणाला टॅपेट (व्हॉल्व्ह दाबून उघडणारा भाग). दुसरा म्हणाला टायमिंग चेन (कॅमशाफ्ट फिरवणारी साखळी) गेली, ताई, तुम्ही आत बसा, मी बघतो, आणि बघून पंचवीस हजार सांगितले, वर "आज ना उद्या इंजिन खोलावंच लागेल". तिसऱ्याने ऐकलं पण नाही नीट, ऑइल जाड टाकू म्हणाला, 20डब्ल्यू50 टाकलं की आवाज बंद. होतो पण कधीकधी बंद, तेच वाईट आहे, आवाज दबतो आणि झीज चालूच राहते, उलट थंडीत जाड ऑइल वर चढायला वेळ लागतो म्हणजे स्टार्ट केल्यावरचे पहिले काही सेकंद व्हॉल्व्ह उघडणारा कॅमशाफ्ट कोरडाच फिरणार. आणि पेट्रोल पंपावरच्या एका गृहस्थांनी न विचारता सांगितलं की हे सगळं ई20 मुळे, म्हणजे वीस टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलमुळे. हल्ली कुठलाही आवाज आला की ई20 च्या नावाने खडे फोडायची पद्धत पडलीय. इथेनॉलने पेट्रोलचा ऑक्टेन वाढतो, त्यामुळे नॉकिंग (पेट्रोल अवेळी पेटून येणारा ठोका) तरी त्याच्या माथी मारू नका, जुन्या गाडीत त्याचा खरा त्रास रबरी पाईप, सील असल्या गोष्टींना.

गाडीच्या कॉम्प्युटरला जोडून बिघाडाचा कोड वाचणाऱ्या स्कॅनरचं पण विचारतात लोक. आपल्याकडे त्याला लागणारं ओबीडी दोन सगळ्या नव्या गाड्यांना आलं एप्रिल 2013 पासून, माझ्या गाडीला त्याचा उपयोग जवळपास शून्य. आणि नवीन गाडी असली तरी बेअरिंग घासतंय याचा कोड काही येत नाही, तिथे सेन्सरच नसतो, कानच लागतो.

स्टेथोस्कोपची आयडिया आमच्या खालच्या मजल्यावरच्या काकांची. सातपूरला एका कंपनीत मेंटेनन्सला होते, रिटायर होऊन बरीच वर्षं झाली. ते म्हणाले आम्ही मशीनचं बेअरिंग ऐकायला मोठा स्क्रूड्रायव्हर लावायचो, पातं बेअरिंगच्या हाऊसिंगवर आणि मूठ कानाच्या मागच्या हाडावर. "पण तू तसं करू नको गं, पंख्याजवळ तोंड नेऊ नको, नळीवाला घे." बरोबरच आहे, स्क्रूड्रायव्हरने ऐकू येतं तेवढंच चांगलं पण त्यासाठी डोकं इंजिनात घालावं लागतं.

आता खरा अनुभव. पहिल्यांदा कानाला लावलात तर घाबराल. चांगलं इंजिन पण आतून भयानक वाजतं. इंजेक्टरवर, म्हणजे पेट्रोल फवारणाऱ्या नोझलवर टेकवलं की कडक टिकटिक, वाटतं हाच गेला, पण तो तसाच वाजायला पाहिजे, उलट चारपैकी एक वाजत नसेल तर त्याची काळजी करायची. टॅपेट कव्हरवर शिलाई मशीन चालू असल्यासारखं एकसारखं खटखट येतं, ते पण नॉर्मल. बॅटरी चार्ज करणाऱ्या अल्टरनेटरच्या बॉडीवर सुंsss असा गुळगुळीत आवाज. म्हणून माझं मत असं की विकत घेतल्यावर पहिले काही दिवस काहीही शोधू नका, नुसतं ऐका, जमलं तर दुसऱ्या कोणाची तशीच चांगली गाडी ऐका. मी मामेभावाची ऐकली, त्याची पण जुनीच पण ठणठणीत. तुलना केल्याशिवाय या नळीचा काही अर्थ नाही, एक जागा ऐकून निदान करायचं नसतं, चार सारख्या जागा ऐकून त्यातली वेगळी कुठली ते बघायचं.

घरघर लवकर सापडली. माझ्या गाडीला एसीचा पट्टा वेगळा आहे, त्याच्यावर एक छोटी आयडलर पुली, पट्टा ताणून धरणारी. सळई फिरणाऱ्या पुलीला लावायची नाही हं, पुलीच्या मधला बोल्ट किंवा ब्रॅकेट जे स्थिर असतं त्याला. अल्टरनेटर गुळगुळीत, कॉम्प्रेसरची बॉडी ठीक, आणि आयडलरच्या बोल्टवर टेकवलं तर आत वाळू भरड दळल्यासारखी खरखर, अक्षरशः नळी कानातून काढावीशी वाटली. नंतर पट्टा उतरवून पुली हाताने फिरवली तर बोटाला पण ती खरखर लागली. बेअरिंग 6203, आतला व्यास 17 मिमी, बाहेरचा 40, रुंदी 12, दोन्ही बाजूंनी रबरी सीलवालं, बेअरिंगच्या दुकानात नंबर सांगितला की मिळतं, मजुरी धरून पाचशेच्या आत काम झालं. त्याच घरघरीसाठी एका ठिकाणी "कॉम्प्रेसर बदला" असं सांगितलं होतं. असो.

टकटक मात्र चिवट निघाली, आणि तिच्यासाठीच हे एवढं लांबलचक लिहितेय. टॅपेट सेटिंग, म्हणजे टॅपेटची फट नीट करणं, करून घेतलं होतं, फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) लावून, इंजिन थंड असताना, माझ्यासमोर. काही फरक नाही. टॅपेट कव्हरवर चारी सिलिंडरच्या वर ऐकलं तर आवाज सारखाच. चेनच्या कव्हरवर, म्हणजे पट्ट्याच्या बाजूला ऐकलं तर तिथे टकटक उलट कमी. चेन सैल असती तर तिथेच सगळ्यात जास्त यायला हवी होती, आणि चेन टेन्शनरचा खडखडाट बहुतेक वेळा स्टार्ट केल्यावर ऑइलचं प्रेशर येईपर्यंत एक-दोन सेकंद असतो, मुंबई नाक्यापर्यंत सोबत येत नाही. पंचवीस हजार इथेच वाचले. वाजतंय काय ते अजून कळलं नव्हतं, काय वाजत नाहीये ते कळलं होतं, आणि या वस्तूचे पैसे माझ्या मते त्यासाठीच द्यायचे.

टकटकीचा वेग मोजून पण उपयोग होत नाही, हे काकांनी कागदावर आकडे मांडून दाखवलं. आयडलिंगला (गाडी उभी, इंजिन नुसतं चालू) इंजिन 800 आरपीएम, म्हणजे मिनिटाला 800 फेऱ्या धरा, कॅमशाफ्ट त्याच्या निम्म्याने फिरतो म्हणजे 400, म्हणजे एका व्हॉल्व्हची टक सेकंदाला साधारण सहा-सात वेळा. आणि एका सिलिंडरचा जळालेला गॅस बाहेर पडतो तो पण दोन फेऱ्यांत एकदाच, म्हणजे तेवढ्याच वेळा! म्हणून एक्झॉस्ट मॅनिफोल्डचं, म्हणजे सिलिंडरमधला धूर सायलेन्सरकडे नेणाऱ्या पाईपांच्या जोडाचं पॅकिंग फुंकत असेल, म्हणजे तिथून गॅस गळत असेल तर ते हुबेहूब टॅपेटसारखं ऐकू येतं आणि भले भले फसतात. फरक दोन ठिकाणी दिसतो. एक, पॅकिंग फुंकत असेल तर लोखंड गरम होऊन प्रसरण पावलं की फट बुजते आणि आवाज मरतो. दोन, इंजिनावर लोड आला, म्हणजे चढ वगैरे, की तो वाढतो. तेव्हा माझी ट्यूब पेटली, कारण मुंबईहून येताना कसारा घाट चढताना गाडी पूर्ण गरम असून पण हलकी टकटक येत होती, आणि जाताना तोच घाट उतरताना अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय काढला की एकदम शांत. टॅपेटला चढ-उताराचं एवढं कौतुक नसतं.

मग यातली एक गंमत कळली जी पाकिटावर लिहिलेलीच नाही. सळई आट्यातून काढून ठेवायची, डबी पण पाईपमधून ओढून काढायची आणि नुसता उघडा पाईप फिरवायचा. सळईने थरथर ऐकू येते, उघड्या पाईपने हवा. सकाळी सातला, गार इंजिन, पार्किंगच्या बाहेर मोकळ्यावर गाडी काढून, मॅनिफोल्डच्या कडेने पाईप हळूहळू सरकवत नेला, एक नंबर सिलिंडरला काही नाही, दोनला काही नाही, तीनला काही नाही, आणि चार नंबरच्या खालच्या बाजूला फक् फक् फक् फक्, तिथून बोटभर बाजूला केला की नाही, परत आणला की परत. टॉर्च मारली तर तिथे पॅकिंगच्या कडेला काजळीचा काळा पट्टा, अंगठ्याएवढा, आणि त्याच्या वरच्या स्टडला (मॅनिफोल्ड धरून ठेवणारा आट्यांचा दांडा) नटच नव्हता, स्टड आतच तुटलेला.

खात्रीसाठी काकांच्या देखरेखीत चार नंबरच्या इंजेक्टरचा वायरचा सॉकेट काही सेकंद काढला. त्या सिलिंडरमध्ये पेट्रोलच गेलं नाही की जळणार काय आणि फुंकणार काय, इंजिन लंगडायला लागलं पण टकटक गेली. टॅपेट असता तर वाजत राहिला असता. प्लगची वायर ओढून पण हे करतात लोक, पण शॉक बसतो आणि न जळलेलं पेट्रोल धूर स्वच्छ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जातं, सॉकेट काढणं बरं.

गॅरेजला गेल्यावर काय बदललं ते सांगते. आधी मी "आवाज येतोय" म्हणायचे आणि मग ते म्हणतील ते. या वेळी "चार नंबरचा स्टड तुटलाय, मॅनिफोल्डचं पॅकिंग फुंकतंय, एवढंच करायचंय" असं सांगितलं. मिस्तरी आधी हसले, मग स्वतः नळी कानाला लावून बघितली, मग पोऱ्याला बोलावून त्याच्या कानाला लावली. तुटलेला स्टड काढायला लेथवाल्याला बोलवावं लागलं, तिथे अर्धा दिवस गेला. पॅकिंग, स्टड, नट, लेथवाला, मजुरी सगळं मिळून अडीच हजारांच्या आत. या थंडीत सकाळी गाडी शांत आहे.

आता तक्रारी. सळई आखूड आहे, अल्टरनेटरच्या मागच्या बाजूला किंवा खाली ऑइलच्या चेंबरला पोचत नाही. मी अंबडला एका फॅब्रिकेशनवाल्याकडून अजून एक वीत सळई जोडून घेतली, पोचते पण आवाज थोडा कमी येतो. डबीचा आटा सैल होतो आणि मग नळी स्वतःच खडखडते, आणि तुम्ही तो आवाज इंजिनात शोधत बसता, म्हणून दर वेळी आधी पिळून घट्ट करायचं. रस्त्यावर, म्हणजे नाशिकच्या द्वारका चौकाजवळ वगैरे गाडी बाजूला घेऊन ऐकू म्हणाल तर विसरा. चालत्या गाडीतले आवाज, सस्पेन्शन, व्हील बेअरिंग, हे याने कळणारच नाहीत, त्याला ठिकठिकाणी चिमट्याने माइक लावायचे वेगळे सेट येतात, महाग असतात. पत्र्यांची झणझण पण यात नीट कळत नाही, सायलेन्सरवरचा उष्णतेचा पत्रा सैल असेल तर तो इंजिन बंद आणि गार असताना हाताने हलवूनच बघावा लागतो.

आणि सीएनजीवाल्यांसाठी, कारण नाशिकमध्ये आता अर्ध्या जुन्या गाड्या गॅसवर आहेत असं वाटतं. जुन्या इंजिनला नंतर किट बसवलं असेल तर एक्झॉस्ट व्हॉल्व्हची सीट झिजून टॅपेटचा गॅप कमी होतो, वाढत नाही. म्हणजे इंजिन हळूहळू शांत होत जातं आणि आपण खूश, आणि एक दिवस व्हॉल्व्ह नीट बंद न होता जळतो. तिथे कानावर भरवसा ठेवू नका, गॅप मोजूनच घ्या.

वापरताना : गाडी न्यूट्रलला, हँडब्रेक पूर्ण ओढून. बंद पार्किंगमध्ये किंवा बेसमेंटमध्ये इंजिन चालू ठेवून ऐकत बसू नका, धुराने जीव जातो. ओढणी, सैल बाह्या, बांगड्या, मोकळे केस, सगळं आवरून, आणि ही नळी पण गळ्यातून लोंबत असते ती पट्ट्यापासून लांब. रेडिएटरचा पंखा इलेक्ट्रिक असेल तर तो इंजिन बंद केल्यावर पण आपोआप सुरू होऊ शकतो, सळई त्याच्या आसपास न्यायचीच नाही.

पाचपैकी चार देते, एक आखूड सळईचा कापला. जुनी गाडी ठेवायची असेल आणि बॉनेट उघडायचा कंटाळा नसेल त्यांनी घ्यावा, दोन वर्षांची वॉरंटीतली गाडी असेल तर सर्व्हिस सेंटरवाल्यांनाच ऐकू द्या. सोबत आलेले कानातले प्लास्टिकचे बोंडे कडक आहेत, दहा मिनिटांत कान दुखतात, सर्जिकलच्या दुकानात डॉक्टरी स्टेथोस्कोपचे मऊ मिळतात ते माझ्या नळीला बसले, जाताना नळी सोबत घेऊन जा म्हणजे तिथेच लावून बघता येतं.