ताशी दोनशे डॉलर आणि घरखर्चाची वही : एका फ्लाइंग क्लबच्या सदस्यत्वाचे परीक्षण

कॅलिफोर्नियातल्या सॅन होजेजवळच्या एका छोट्या विमानतळावरील फ्लाइंग क्लबचे, म्हणजे सदस्यांना ताशी भाड्याने विमाने देणाऱ्या संस्थेचे, माझे पती काही वर्षांपासून सदस्य आहेत. खासगी वैमानिकाचा परवाना त्यांच्याकडे आहे आणि घरखर्चाची वही माझ्याकडे. अशा क्लबांची परीक्षणे बहुधा वैमानिकच लिहितात. विमाने किती आहेत, शिक्षक कसे आहेत, आरक्षण सहज मिळते का, हे त्यातून चांगले कळते. परंतु ज्या घरातून हे पैसे आणि हे शनिवार-रविवार जातात, त्या घराला ही सेवा कशी वाटते, हे सहसा कोणी लिहीत नाही. आमच्या सॅन फ्रान्सिस्को बे एरियातल्या मराठी मंडळींमध्ये हा छंद जडलेल्यांची संख्या वाढते आहे आणि “तुम्हाला हे परवडते कसे?” असा प्रश्न मला गणेशोत्सवात, हळदीकुंकवाला, मुलांच्या शाळेबाहेर विचारला जातो. त्याचे सविस्तर उत्तर द्यावे, एवढाच या लेखनाचा हेतू आहे.

प्रथम चांगले ते सांगते. क्लबची विमाने उत्तम राखलेली आहेत. आम्ही वापरतो ते सेसना १७२ एस, म्हणजे पंख वर असलेले, एका इंजिनाचे, चार आसनांचे विमान. १९५६ पासून या जातीची चव्वेचाळीस हजारांहून अधिक विमाने बांधली गेली. जगात इतकी दुसऱ्या कोणत्याही विमानाची बांधली गेलेली नाहीत. त्यामुळे सुटे भाग मिळतात, कारागीर मिळतात आणि त्याच्या खोडी सर्वांना ठाऊक असतात. १९८६ मध्ये सेसना कंपनीने या छोट्या विमानांचे उत्पादन थांबवले होते. मागणी घटली होती आणि जुन्या विमानांवरून होणाऱ्या नुकसानभरपाईच्या दाव्यांचा बोजा वाढला होता. अमेरिकेच्या १९९४ च्या कायद्याने अठरा वर्षांपेक्षा जुन्या विमानांबाबत उत्पादकाची जबाबदारी मर्यादित केली, तेव्हा कुठे १९९६ मध्ये उत्पादन पुन्हा सुरू झाले. नव्या विमानाची किंमत आज चार लाख डॉलरच्या पुढे आहे, म्हणून सामान्य नोकरदार कुटुंबासाठी क्लब हाच व्यवहार्य मार्ग उरतो.

आता दर. क्लबची मासिक वर्गणी साठ डॉलरच्या आसपास आहे आणि १७२ एस चे भाडे इंधनासह ताशी सुमारे दोनशे डॉलर. इंधन महागले की वर अधिभार लागतो. कायद्यानुसार खासगी परवान्यासाठी किमान चाळीस तास उड्डाण करावे लागते, पण नोकरी सांभाळून शिकणाऱ्या माणसाला साठ-सत्तर तास सहज लागतात. शिक्षकाचे मानधन, वैद्यकीय तपासणी, लेखी परीक्षा आणि अंतिम चाचणी घेणाऱ्या परीक्षकाचे शुल्क धरले, तर आमच्या भागात हा आकडा वीस हजार डॉलरच्या घरात जातो. ज्यांच्याकडे अमेरिकेचे नागरिकत्व नाही, त्यांना शिक्षणाआधी वाहतूक सुरक्षा विभागाची वेगळी परवानगी आणि तिचे शुल्कही भरावे लागते. ग्रीन कार्ड असले तरी यातून सुटका नाही.

परंतु कुटुंबाला जाणवतो तो हा एकदाचा खर्च नव्हे. त्याची तयारी आधी झालेली असते, त्यासाठी पैसे साठवलेले असतात आणि त्याला शेवट असतो. परवाना मिळाल्यानंतरच्या खर्चाला मात्र शेवट नसतो. प्रवासी घेऊन उडायचे असेल तर मागच्या नव्वद दिवसांत तीन उड्डाणे आणि तीन अवतरणे झालेली असावी लागतात, दर दोन वर्षांनी शिक्षकासोबत उजळणी करावी लागते, आणि हे कायद्याचे किमान झाले. हात खरोखर सरावलेला राहायचा तर महिन्याला चार तास तरी हवेत. वर्षाला पन्नास तास धरले तर भाडे, वर्गणी, भाड्याच्या विमानासाठीचा विमा आणि नकाशांच्या ॲपचे शुल्क मिळून साडेअकरा हजार डॉलरच्या जवळ जातात, म्हणजे साडेनऊ लाख रुपयांच्या पुढे. डिसेंबरमध्ये आम्हा चौघांची मुंबईची तिकिटे याहून कमी पैशांत येतात. ही तुलना आमच्या घरात दर वर्षी होते आणि ती होणे मला योग्य वाटते, कारण नाशिकला सासू-सासऱ्यांना भेटायला जाणे आणि मॉन्टेरेच्या किनाऱ्यावरून उडणे हे दोन्ही एकाच पगारातून व्हायचे आहे.

भाडे मोजण्याची पद्धतही घराच्या दृष्टीने महत्त्वाची आहे. आमच्या क्लबमध्ये हॉब्ज मीटरवर आकारणी होते. इंजिन सुरू झाले की तो चालू लागतो आणि बंद होईपर्यंत चालत राहतो, मग विमान हवेत असो की धावपट्टीच्या तोंडाशी रांगेत. मिनिटाला तीन डॉलरहून अधिक. काही क्लब इंजिनाच्या फेऱ्यांशी जोडलेल्या टॅक मीटरवर आकारणी करतात. तो जमिनीवर सावकाश चालत असल्याने तिथे उभे राहणे तितके बोचत नाही. मुले मागे बसली आहेत, धाकटीचा हेडसेट नीट बसत नाही, मोठ्याला पाणी हवे आहे, आणि समोर तो आकडा सरकतो आहे, अशा वेळी आवाज चढतात. वैमानिकाने कधीही घाई करू नये हे सर्व शिक्षक सांगतात, आणि दराची रचना मात्र घाईलाच उत्तेजन देते. म्हणून मुलांची सगळी तयारी इंजिन सुरू होण्यापूर्वी पूर्ण करायची आणि त्यानंतर विमान वर स्थिरावेपर्यंत कोणी बोलायचे नाही, असा नियम आम्ही केला आहे. क्लबने टॅकवर आकारणी सुरू करून ताशी दर थोडा वाढवला तरी मी त्याचे स्वागत करीन.

पाहुण्यांचा प्रश्न मराठी घरांत विशेष नाजूक होतो. खासगी परवान्यावर वैमानिकाला नफा घेता येत नाही. इंधन, तेल, विमानतळाचे शुल्क आणि भाडे एवढाच खर्च सोबत्यांमध्ये वाटता येतो, आणि त्यातही वैमानिकाने स्वतःचा समान वाटा भरलाच पाहिजे. विमानात चौघे असतील तर निदान चौथा हिस्सा त्याचा. अमेरिकी मित्र हे पैसे सहजपणे काढून देतात. आपल्याकडे मात्र ज्यांना आपण बोलावले त्यांच्याकडून पैसे घ्यायचे हे मनाला पटत नाही, आणि भारतातून आलेले आत्या-काका खिडकीतून गोल्डन गेट पूल पाहून डोळे पुसत असताना खर्चाचा विषय कोण काढणार? पाहुणचाराची ही सवय मला मनापासून प्रिय आहे, परंतु तिच्यामुळे सगळा भार आमच्या वहीत येतो, हेही खरे. आम्ही आता वर्षातल्या ठरावीक तासांना पाहुण्यांचे तास म्हणतो आणि ते संपले की पुढच्या वर्षीचे आमंत्रण देतो.

त्याच संदर्भात आसनांविषयी सांगायला हवे. चार आसने म्हणजे चार माणसे, असा समज क्लबच्या माहितीपत्रकावरून सहज होतो. या विमानाचे उड्डाणाचे कमाल वजन २५५० पौंड आहे. टाक्यांमध्ये वापरण्याजोगे ५३ गॅलन इंधन मावते आणि त्याचेच वजन सुमारे ३१८ पौंड होते. विमानाचे स्वतःचे वजन आणि भरलेल्या टाक्या वजा केल्या, तर माणसे आणि सामान मिळून साधारण २४० किलो उरतात. तीन प्रौढ आणि थोडे सामान, बस. चौथा प्रौढ घ्यायचा तर इंधन कमी भरावे लागते आणि मग अंतर कमी होते. प्रत्येकाला त्याचे खरे वजन विचारावे लागते. सासूबाईंना किंवा मैत्रिणीला ते विचारणे सोपे नसते, आणि विचारल्यानंतर “यावेळी तुम्ही खालीच थांबा” असे म्हणणे त्याहून अवघड. हे गणित क्लबने नव्या सदस्याच्या कुटुंबाला पहिल्याच दिवशी समजावून सांगायला हवे.

पैशांपेक्षाही अधिक ताण वेळेचा असतो, असे माझे मत झाले आहे. दोन तासांचे उड्डाण म्हणजे अर्धा दिवस: हवामान पाहणे, विमानाभोवती फिरून तपासणी, इंधन, उड्डाण, परतल्यावर विमान दोरांनी बांधून ठेवणे, नोंदी करणे. त्यात आमच्याकडे उन्हाळ्याच्या सकाळी किनाऱ्यावर समुद्राकडून ढगांचा खालचा थर येतो आणि तो कधी वितळेल ते नक्की सांगता येत नाही. सँटा बार्बराला मोटारीने जायला पाच तास लागतात आणि १७२ ने दोन, हे कागदावर फार सुंदर दिसते. प्रत्यक्षात ढगांमुळे निघायला दुपार होते आणि मुले विमानतळाच्या प्रतीक्षागृहात कंटाळतात. रात्रभर विमान नेले तर क्लब प्रत्येक दिवसाला किमान ठरावीक तासांचे भाडे लावतो, मग विमान उभे का असेना. ढगांमुळे एक दिवस अधिक राहावे लागले की हॉटेल, किमान भाडे आणि सोमवारची बुडालेली शाळा अशी तिहेरी किंमत पडते. अशा रविवारी संध्याकाळी “आता निघू या ना” हे शब्द घरच्या माणसाच्या तोंडून निघता कामा नयेत. कुटुंबाच्या निकडीमुळे वैमानिक नको तेव्हा उडतो, हे अपघातांच्या अभ्यासातले जुने आणि दुःखद कारण आहे. म्हणून परतीच्या दिवसाची मोटार किंवा प्रवासी विमान यांचे पैसे आम्ही सहलीच्या अंदाजपत्रकातच धरतो. ते वापरले गेले तर तो वाया गेलेला खर्च मानत नाही.

१६ जुलै १९९९ च्या रात्री अमेरिकेचे माजी राष्ट्राध्यक्ष केनेडी यांचे पुत्र जॉन एफ. केनेडी ज्युनियर आपली पत्नी आणि मेहुणी यांना घेऊन, स्वतः विमान चालवत, न्यू जर्सीहून मार्थाज व्हिनयार्ड बेटाकडे निघाले होते. धूसर हवा, खाली समुद्र, क्षितिज दिसत नव्हते, आणि केवळ उपकरणांवर उडण्याची पात्रता त्यांच्याकडे नव्हती. विमान समुद्रात कोसळले आणि तिघेही गेले. ही घटना मी वाचली तेव्हापासून त्या पात्रतेचा खर्च हा चैनीचा खर्च आहे, असे मला म्हणता येत नाही. तिच्यासाठी उपकरणांवरील किमान चाळीस तासांचा सराव आणि वेगळी परीक्षा लागते, म्हणजे पुन्हा काही हजार डॉलर आणि पुन्हा कित्येक शनिवार. आयुर्विम्याच्या अर्जातही खासगी उड्डाणाविषयी प्रश्न असतो. हप्ता वाढतो किंवा उड्डाणातील मृत्यू वगळणारे कलम जोडले जाते. ज्या घरात दोन मुले आहेत, तिथे हे कलम पतीने एकट्याने वाचून सही करण्याचे नाही.

या क्लबची मला सर्वांत आवडलेली गोष्ट म्हणजे वैमानिकाच्या जोडीदारासाठी असलेला छोटा अभ्यासक्रम. विमान सरळ आणि समतल कसे ठेवायचे, रेडिओवर कोणाला हाक मारायची, आणीबाणीसाठी रेडिओवर १२१.५ मेगाहर्ट्झ ही कंपनसंख्या आणि ट्रान्सपॉन्डरवर, म्हणजे रडारला विमानाची ओळख कळवणाऱ्या यंत्रावर, ७७०० हा संकेत कसा लावायचा, हे शिक्षकांनी शांतपणे शिकवले. त्यानंतर उजव्या आसनावर मी सामानासारखी बसत नाही; नकाशा धरते, आसपासची विमाने शोधते, तपासणीची यादी वाचून दाखवते. भीती पूर्ण गेलेली नाही, पण पती काय करत आहेत आणि का करत आहेत हे कळू लागल्यापासून आमच्यातले कितीतरी वाद उद्भवतच नाहीत. या अभ्यासक्रमाला लागलेले पैसे मला एकदाही जड वाटले नाहीत.

क्लबचा मोठा दोष हिशेबाचा आहे. मासिक देयक केवळ सदस्याच्या नावे, त्याच्याच खात्यावर दिसते आणि रक्कम कार्डावरून आपोआप वळती होते. दुसऱ्या एका क्लबमधल्या एका ओळखीच्या घरात वर्षभराचा खर्च पत्नीला कर भरण्याच्या वेळी प्रथम समजला. पैसे होते, कर्ज नव्हते, तरीही तो घाव भरायला फार वेळ लागला, कारण लपवलेल्या रकमेपेक्षा लपवणेच मोठे होते. आम्ही वर्षाच्या सुरुवातीला दोघे मिळून तासांची मर्यादा ठरवतो आणि तेवढीच रक्कम वेगळ्या खात्यात ठेवतो. त्या खात्याचे कार्ड क्लबला दिले आहे. मर्यादेच्या आत प्रत्येक उड्डाणाचा मी हिशेब विचारत नाही, आणि मर्यादा ओलांडायची झाली तर आधी बोलणे होते. त्याच वेळी मी माझ्या शास्त्रीय गायनाच्या शिकवणीचे तास आणि पैसेही मांडते, कारण एकाच्या छंदाला घराची मान्यता आणि दुसऱ्याच्या छंदाला उरलेला वेळ, ही विभागणी मला मान्य नाही.

क्लब नको, चार मित्रांनी मिळून जुने विमान घ्यावे, असा विचार अनेक जण मांडतात. ताशी खर्च त्यात कमी दिसतो, पण इंजिनाची दोन हजार तासांनंतरची दुरुस्ती चाळीस हजार डॉलरपर्यंत जाऊ शकते, म्हणजे प्रत्येक तासामागे वीस डॉलर आधीच बाजूला टाकावे लागतात. शिवाय वार्षिक तपासणीत काय निघेल ते सांगता येत नाही. एकाची नोकरी गेली, दुसरा टेक्सासला निघाला, की बाहेर पडणाऱ्याचा हिस्सा कोणी आणि किती किमतीला घ्यायचा, यावरून जुनी मैत्री तुटते. लेखी करारनामा झाल्याखेरीज त्यात शिरू नये, असे मी स्पष्ट सांगेन. क्लबमध्ये हा धोका नाही. महिनाभराची सूचना दिली की बाहेर पडता येते, आणि ज्यांच्या व्हिसाचा किंवा नोकरीचा भरवसा नाही त्यांच्यासाठी ही सोय मोलाची आहे.

पाचपैकी चार तारे मी देते. विमानांच्या देखभालीसाठी आणि जोडीदाराच्या अभ्यासक्रमासाठी ते पूर्णपणे अर्जित आहेत. एक तारा हॉब्ज मीटर, एका दिवसाचे किमान भाडे आणि घरापासून दूर राहणारे देयक यांसाठी कापला आहे. जोडीदारालाही देयक पाहण्याची मुभा द्यावी, अशी लेखी विनंती मी व्यवस्थापनाला केली आहे. या वर्षी आम्ही सदस्यत्व कायम ठेवले आहे. पती उपकरणांवरील उड्डाणाची पात्रता घेणार असल्याने या वर्षीच्या सुट्ट्यांतल्या क्लबच्या विमानाने करायच्या लांबच्या सहली रद्द केल्या आहेत. नाशिकची तिकिटे मात्र आधीच काढली आहेत.