जीएसडिझाइन: मध्येच डेटा उघडायची वेळ येते तेव्हा

क्लिनिकल ट्रायलचं संख्याशास्त्र हे माझं रोजचं काम. 'आर' या संख्याशास्त्राच्या प्रोग्रामिंग भाषेतलं जीएसडिझाइन हे पॅकेज मी इंटरिम अ‍ॅनालिसिससाठी, म्हणजे ट्रायल संपण्याआधी मध्येच केलेल्या डेटाच्या तपासणीसाठी, वापरते. फुकट आहे, कोड खुला आहे.

"एकदा नुसतं बघून घेऊ" असं कुणी म्हणालं की मी एकच आकडा सांगते. औषधात काहीही गुण नसताना ०.०५ हीच पट्टी लावून डेटा पाच वेळा तपासला, तर गुण आल्याचा खोटा निष्कर्ष निघायची शक्यता ५ टक्क्यांवरून १४ टक्क्यांवर जाते. अल्फा, म्हणजे असा खोटा निष्कर्ष निघायची आधीच ठरवलेली कमाल शक्यता, एकदाच मिळतो, आणि प्रत्येक वेळी डोकावताना त्यातला थोडा खर्च होतो.

या खर्चाचा हिशेब हे पॅकेज चोख ठेवतं. एका ट्रायलमध्ये ४०० इव्हेंट (मृत्यू किंवा आजार बळावणं यांसारख्या मोजायच्या घटना) ठरले होते, इंटरिम २००वर. लॅन-डिमेट्स पद्धतीचा ओब्रायन-फ्लेमिंग खर्च (सुरुवातीला अल्फा अगदी थोडा आणि शेवटी जास्त वापरायची रीत), एकतर्फी अल्फा ०.०२५, म्हणजे थांबण्यासाठी झेड (फरक किती ठळक आहे हे सांगणारा आकडा) २.९६च्या वर हवा. पण डेटा साफ होऊन कट-ऑफ लागेपर्यंत इव्हेंट झाले २४०. खरा आकडा भरला आणि सीमा २.६७वर आली. खर्च ०.००१५ऐवजी ०.००३८ झाला, तेवढी शेवटची सीमा जराशी वर सरकली. इंटरिमची वेळ निकाल पाहून बदललेली नसेल, तर हे पूर्ण नियमात बसतं. १९८३ साली लॅन आणि डिमेट्स यांनी दिलेल्या या कल्पनेचं मोल मला त्या दिवशी खऱ्या अर्थानं कळलं.

एक गोष्ट मात्र नव्या माणसाला अडवेल. काहीच न सांगता चालवलं तर पॅकेज ओब्रायन-फ्लेमिंग धरत नाही. ह्वांग-शी-डिकानी हा खर्चाचा दुसरा प्रकार आणि तपासणीचे तीन टप्पे धरतं. प्रोटोकॉलमध्ये (ट्रायलच्या लेखी आराखड्यात) एक आणि कोडमध्ये दुसरं, असं सहज होऊ शकतं. 'एसएफएलडीओएफ' (लॅन-डिमेट्सच्या ओब्रायन-फ्लेमिंग खर्चाचं पॅकेजमधलं नाव) स्वतः लिहायचं, आणि आलेली सीमा प्रोटोकॉलच्या तक्त्याशी ताडून बघायची.

निष्फळतेची सीमा (जिच्याखाली आकडा गेला तर औषधाचा गुण दिसायची आशा फारशी उरत नाही) मुळातच नॉन-बाइंडिंग धरलेली असते, हे मला फार आवडतं. आकडा खाली गेला तरी ट्रायलवर नजर ठेवणाऱ्या स्वतंत्र डेटा मॉनिटरिंग समितीला ट्रायल चालू ठेवता येते आणि अल्फाला धक्का लागत नाही. सुरक्षिततेची माहिती अपुरी असली की समित्या तसं करतातही.

निकाल कुणी पाहायचा, हे मात्र पॅकेज ठरवत नाही. आमच्याकडे निकालाचा तक्ता फक्त डेटा मॉनिटरिंग समितीच्या बंद अहवालात जातो आणि ट्रायल चालवणाऱ्यांना एकच ओळ कळते: चालू ठेवा.