स्टील बॉडी रेझोनेटर गिटार: खाऱ्या वाऱ्यातल्या वापरानंतर

आधी गिटार कोणती ते सांगतो. गोल नेक, स्टील बॉडीवर निकेलचा मुलामा, बाराव्या पडद्यापाशी (फ्रेटपाशी) नेक बॉडीला जुळते, आत साडेनऊ इंची एकच कोन (आवाज मोठा करणारा पातळ अ‍ॅल्युमिनियमचा शंकू, म्हणजेच रेझोनेटर) आणि त्यावर बिस्किट ब्रिज, म्हणजे तारा टेकतात ते सॅडल धरणारी छोटी लाकडी चकती. किंमत मध्यम. कंपनीचं नाव देत नाही. या किमतीतल्या बऱ्याच गिटारी एकाच साच्यातल्या असतात आणि खालच्या तक्रारी कमीअधिक सगळ्यांना लागू पडतात. वापर रत्नागिरीत, समुद्र हाकेच्या अंतरावर, एक अख्खा पावसाळा धरून. वाजवणं फक्त स्लाइडने, म्हणजे बोटात घातलेली नळी तारांवर सरकवून: थोडे ब्लूज, बाकी अभंग-गौळणी.

आवाजाबद्दल तक्रार नाही. हे वाद्य जन्मालाच आवाजासाठी आलं. विजेचे अ‍ॅम्प्लिफायर नव्हते तेव्हा बँडच्या गोंगाटात गिटार ऐकूच येत नसे, म्हणून जॉन डोपिएरा यांनी लॉस एंजलिसमध्ये पातळ अ‍ॅल्युमिनियमचे तीन कोन आत बसवलेली गिटार केली. १९२७ मध्ये ती नॅशनल कंपनीच्या नावाने बाजारात आली. एका कोनाची आवृत्ती तिच्या मागोमाग आली. आपल्याकडे जूनमध्ये लाइट गेल्यावर हाच गुण कामी येतो. मृदंग आणि झांजांसमोर साधी लाकडी गिटार दबते, ही दबत नाही.

पण दुकानातून आणलेली गिटार म्हणजे अर्धंच काम झालेलं समजा. आवाज बॉडीत नसून त्या कोनात आहे, आणि तारांचा दाब कोनापर्यंत नीट पोचतोय की नाही यावरच सगळं ठरतं. कारखान्यातून आलेल्या गिटारींत नेमकी इथेच हयगय असते. सॅडलच्या खाचा इतक्या खोल की तार त्यात बुडालेली. आवाज दबका आणि तार ओढली की ‘टिक्’ करून सरकते. खाच तारेच्या निम्म्या जाडीएवढीच हवी, आणि टेलपीसच्या (तारांची टोकं अडकवतात त्या पट्टीच्या) बाजूला किंचित उतरती. खास फाइली महाग पडतात. वेल्डिंगचं नोझल साफ करायच्या खरखरीत तारांचा जुडगा हार्डवेअरच्या दुकानात स्वस्तात मिळतो, त्यात बारीकपासून जाडपर्यंत सगळे नंबर असतात. हात हलका ठेवा. खाच वाढवता येते, भरता येत नाही. भरायचीच झाली तर सॅडल नवं करणं बरं.

कोनावरचं भोकांचं झाकण उघडायची पद्धत नीट समजून घ्या. पहिल्या पडद्यावर कॅपो (सगळ्या तारा एकत्र दाबणारा चिमटा) लावा, म्हणजे खुंट्यांवरचे वेढे सुटत नाहीत. सगळ्या तारा थोड्या-थोड्या करून आळीपाळीने सैल करा, टेलपीस सोडवा, स्क्रू काढा. कोन उचलण्याआधी त्याच्या कडेला आणि बॉडीला पेन्सिलीने जुळती खूण करा. बिस्किट दोन बोटांत धरून सरळ वर उचला, कोनाच्या भिंतीला बोट लागू देऊ नका. बोटाच्या दाबानेही खळगा पडतो. कोन काचेवर पालथा ठेवून कड सगळीकडे टेकते का पाहा. जिथे उचललेली दिसेल तिथेच झणझण होते. कड बसते तो कट्टाही बोटाने चाचपा. आमच्या गिटारीत तिथे रंगाचा थेंब वाळलेला होता. तो खरवडल्यावर तिसऱ्या तारेची भणभण गेली. कोन चिकटवायचा कधीच नाही, तो तारांच्या दाबानेच जागेवर राहतो.

झणझण तरीही राहिली तर या क्रमाने शोधा: बिस्किटाचा स्क्रू सैल आहे का, सॅडल बिस्किटाच्या खाचेत हलतंय का (कागदाची पट्टी सारून घट्ट होतं), टेलपीस झाकणाला टेकतोय का (खाली फेल्टचा तुकडा), झाकणाचे स्क्रू. सॅडल आणि टेलपीसमधल्या तारा आपल्याआप वाजतात, त्यांच्यात कापडाची पट्टी वरखाली विणून टाका. दहापैकी आठ वेळा दोष यातच सापडतो. कोनाला दोष देऊन लोक उगाच नवा मागवतात.

नवा कोन मागवावा का? या किमतीत मूळ कोन जाडसर असतो, त्यामुळे आवाज मोठा पण थोडा पत्र्यासारखा. पातळ पत्रा खराद्यावर फिरवून घडवलेला चांगला कोन टाकला की जाड तारांना भरीवपणा येतो. पैसे असतील तर पहिली सुधारणा हीच करा. मागवताना साडेनऊ इंची बिस्किटाचाच मागवा. डोब्रो या दुसऱ्या रेझोनेटर घराण्यातला साडेदहा इंची कोन वाटीसारखा उताणा असतो आणि त्यावर आठ पायांचा स्पायडर (कोळ्यासारखा ब्रिज) बसतो, तो इथे बसणार नाही. नवा कोन सुरुवातीला दाबाने किंचित बसतो, सूर उतरतो. घाबरायचं कारण नाही.

सॅडल जागेवर आहे का ते मोजपट्टीने पाहा: नट (नेकच्या टोकाची खाचांची पट्टी) ते बारावा पडदा जेवढं अंतर, तेवढंच बाराव्या पडद्यापासून सॅडलपर्यंत. आपण तार दाबत नाही, त्यामुळे या अंतरात दाबून वाजवणाऱ्यांएवढी भर घालावी लागत नाही. कोन जागच्या जागी किंचित फिरवून जाड तारांची बाजू मिलिमीटर-दोन मिलिमीटर मागे घेतली की पुरे.

तारांची उंची बाराव्या पडद्यावर जाड तारेखाली तीन मिलिमीटर, पातळ तारेखाली अडीच. यापेक्षा कमी केली की स्लाइड पडद्यांवर आपटते. नेक जवळजवळ सरळ हवी: पहिला पडदा आणि बॉडीजवळचा पडदा दाबून धरा, सातव्या पडद्यावर झेरॉक्सचे दोन कागद सरकतील एवढी फट. पावसात नेकचं लाकूड हललं तर ट्रस रॉड (नेक सरळ करायची आतली सळई) एका वेळी पूर्ण फेऱ्याचा आठवा भाग, मग एक रात्र थांबा.

तारा ०.०१३ ते ०.०५६ इंचाच्या. पहिली तार ०.०१५ किंवा ०.०१६ घेतली तर स्लाइडखाली जास्त भरते. सुरावट बहुधा ओपन डी: डी, ए, डी, एफ शार्प, ए, डी. म्हणजे सा पांढरी दोनला. बुवांचा सूर काळी एक असेल तर सगळ्या तारा अर्ध्या सुराने उतरवा. काळी दोन असेल तर मात्र चढवू नका, पहिल्या पडद्यावर कॅपो लावा. तार अर्धा सूर चढवली की ताण सुमारे १२ टक्के वाढतो आणि तो सगळा कोनावर येतो. डोब्रोवाल्यांची जी, बी, डी, जी, बी, डी सुरावट साध्या सेटवर तर मुळीच नको. सहावी तार ई वरून जी वर नेताना तिचा ताण ४१ टक्क्यांनी वाढतो. हौस असेल तर त्या सुरावटीसाठीचा वेगळा सेट आणि चौकोनी नेकची, मांडीवर आडवी ठेवून वाजवायची गिटार घ्या.

तिसऱ्या तारेवर, म्हणजे गंधारावर, ट्यूनर अ‍ॅपचं ऐकू नका. अ‍ॅप दाखवतं तो गंधार तानपुऱ्याच्या गंधारापेक्षा सुमारे १४ सेंट (सेंट म्हणजे अर्ध्या सुराचा शंभरावा भाग) चढा असतो. तानपुऱ्याबरोबर वाजवताना काटा तेवढा डावीकडे ठेवा, मोकळ्या तारा एकदम मिळून येतात. पेटीबरोबर वाजवताना मात्र काटा मधोमध, कारण पेटीचा गंधारही तसाच चढा. भैरवी असेल तर ही तार अर्धा सूर उतरवून कोमल गंधाराला लावा, नाहीतर शुद्ध गंधार मध्येच वाजून विचका करतो.

स्लाइड काचेची हलकी आणि आवाजाला पातळ, पितळेची जड आणि भरीव. पितळ इथे चार दिवसांत काळं पडतं, पण पुसलं की झालं. लेथवाल्याकडून स्टेनलेसच्या पाइपची करून घेणं सर्वात सोयीचं: लांबी साठ-पासष्ट मिलिमीटर, भिंत तीन मिलिमीटर, आतला व्यास करंगळीच्या मापाने. वॉटर पेपर ४०० पासून १२०० पर्यंत मारून घ्या. ओरखडा राहिला की मींड घेताना चरचरतो. सूर पडद्याच्या धातूच्या पट्टीच्या बरोब्बर वर लागतो, दोन पडद्यांच्या मध्ये नाही. स्लाइडच्या मागची बोटं तारांवर अलगद टेकलेली ठेवा.

आता खारा वारा, कारण खरा त्रास तोच. धातूची बॉडी म्हणून निर्धास्त राहू नका. लाकूड फुगतं तर हिला गंज धरतो, आणि तोही आधी कुठे? स्क्रूंच्या डोक्यांवर, झाकणाच्या भोकांच्या कडांवर आणि बॉडीच्या आत, जिथे मुलामा पातळ असतो. कोनावर पांढरी भुकटी दिसली तर ती अ‍ॅल्युमिनियमची झीज. कोरड्या मऊ ब्रशने झटका, तेल-स्प्रे काही मारू नका. वाजवून झाल्यावर बॉडी आणि तारा जुन्या धोतराच्या मऊ कापडाने पुसा. स्क्रूंच्या आट्यांना व्हॅसलीनचं बोट. बॉडीला महिन्यातून एकदा गाडीचं मेण. पितळेची भांडी घासायचं पॉलिश नको, ते मुलामाच खरवडतं. गिटारच्या पेटीत पाव किलो सिलिका जेलच्या पिशव्या ठेवा. रंग बदलला की कढईत तापवून परत वापरता येतं. निळ्या जेलमध्ये कोबाल्ट क्लोराइड असतं, ती कढई पुन्हा स्वयंपाकात नको. केशरी जेल मिळालं तर तेच घ्या. पावसात तारांचा सेट इतर वेळेपेक्षा निम्म्या काळात जातो, हा खर्च धरूनच चाला.

माइक लावायचा तर झाकणाच्या मधोमध नको, पातळ तारांच्या बाजूला वीतभर अंतरावर. मधोमध लावला की नुसता टणटणाट.

गाडीने किंवा कोकण रेल्वेने नेताना काहीजण तारा पूर्ण सैल करतात. बिस्किटवाल्या गिटारीला ते अजिबात करू नका, दाब गेला की कोन आत सरकतो. एक सूर उतरवा, झाकण आणि पेटीच्या मध्ये टॉवेल घाला, आणि पोचल्यावर वाजवण्याआधी बाराव्या पडद्याचं माप पुन्हा घ्या.