फक्त आकड्यांचा स्पॅनिश वर्ग: माद्रिदला येत असाल तर जरूर लावा

लावापिएस भागात एका रहिवासी संघटनेच्या हॉलमध्ये संध्याकाळी नवख्यांसाठी फक्त स्पॅनिश आकड्यांचा वर्ग चालतो. मी तो पूर्ण केला आणि फार समाधानी आहे.

पाठांतर आपल्याला जड नाही. एक ते नव्याण्णव प्रत्येक आकडा वेगळा घोकलेली माणसं आपण! इथे किन्थेपर्यंत, म्हणजे १५ पर्यंत घोकायचं. पुढे बहुतेक जोडणीच. अडतं ते ऐकताना. सेसेंता ६० आणि सेतेंता ७०, भाजीवाला घाईत असला की दोन्ही सारखेच वाटतात. म्हणून आमच्या बाई फळ्यावर तक्ता लिहीतच नाहीत. त्या फोन नंबर बोलतात, आपण उतरवायचा. नऊ आकडी नंबर इथे बरेच जण आधी तीन आकडे, मग दोन-दोनच्या जोड्या करून सांगतात. ३४ आला की ‘तीन चार’ नाही, ‘त्रेइंता इ क्वात्रो’.

सगळ्यात सुंदर तास नाताळच्या लॉटरीचा. २२ डिसेंबरच्या या सोडतीत सान इल्देफोन्सो शाळेची मुलं पाच आकडी क्रमांक आणि बक्षिसाची रक्कम चक्क गाऊन सांगतात. तिकिटं ००००० ते ९९९९९. चाल ठरलेली, त्यामुळे हजार कुठे संपले आणि शेकडा कुठे सुरू झाला हे कानाला आपसूक कळायला लागतं. मी पोळ्या लाटताना अजूनही ते रेकॉर्डिंग लावते.

बाजाराचा तासही छान. ‘क्वार्तो इ मिताद’ मागितलं की पाव किलो आणि त्याचं निम्मं, म्हणजे ३७५ ग्रॅम मिळतं. घड्याळात ‘क्वात्रो मेनोस क्वार्तो’ म्हणजे सरळ आपले पावणेचार.

तक्रार एकच, पण मोठी. मोठ्या रकमा शेवटच्या तासात उरकल्या. १.२५० असं छापलेलं असलं तर ते बाराशे पन्नास, कारण दशांशासाठी इथे स्वल्पविराम असतो. थिएन मिल म्हणजे लाख, मियोन म्हणजे दहा लाख आणि बियोन म्हणजे दहा लाख वेळा दहा लाख. इंग्रजीतल्या बिलियनच्या हजारपट. भाडेकरारावर सही करायला निघालेल्या माणसाला हे पहिल्याच आठवड्यात सांगायला हवं.

फी अगदी माफक आहे. करार हातात आला असेल तर तो वर्गाला घेऊन जा. बाई तास संपल्यावर थांबून त्यातली प्रत्येक रक्कम तुमच्याकडून मोठ्याने वाचून घेतात.