अलास्काच्या क्रूझवर बाल्कनी: कुणाला परवडते, कुणाला नाही

सात रात्रींच्या अलास्का क्रूझसाठी केबिन निवडताना बहुतेक जण केबिनचे फोटो बघतात. त्याआधी वेळापत्रक बघावं. साधारण तीन दिवस जहाज जुनो, स्कॅगवे, केचिकन अशा बंदरांत धक्क्याला लागलेलं असतं आणि माणसं गावात असतात. तेव्हा बाल्कनीसमोर धक्का तरी असतो, नाहीतर शेजारच्या जहाजाच्या बाल्कन्या. एक दिवस हिमनदीचा, एक-दोन दिवस नुसत्या प्रवासाचे. त्याशिवाय राहतात त्या पहाटा आणि संध्याकाळी. आतली, म्हणजे बिनखिडकीची केबिन आणि बाल्कनी यांच्या भाड्यातला फरक सात रात्रींवर नाही, तर देखाव्याच्या या तासांवर भागून बघावा. आकडा बराच वेगळा दिसतो.

हे तास किती, ते मार्गावर ठरतं. सिएटलहून निघून सिएटललाच परतणारी बरीच जहाजं व्हँकुव्हर बेटाच्या पश्चिमेकडून, उघड्या पॅसिफिकमधून जातात. तिथे लाटा आणि क्षितिज, बस. व्हँकुव्हरहून निघणारी जहाजं सहसा बेटाच्या आतल्या बाजूने, इनसाइड पॅसेजमधून जातात आणि दोन्ही अंगांना जंगलाचे डोंगर लागतात. म्हणजे जहाज तसंच, केबिन तशीच, पण बाल्कनीची किंमत एका मार्गावर वसूल होते आणि दुसऱ्यावर अर्धीमुर्धी. व्हँकुव्हर ते अलास्कातलं सीवर्ड किंवा व्हिटियर बंदर अशी एकेरी सफर असेल, तर उत्तरेकडे जाताना किनारा स्टारबोर्डला, म्हणजे उजवीकडे राहतो. उलट दिशेने येताना डावीकडे. जाऊन-येऊन सफरीत बाजूवरून डोकं शिणवू नये.

आता हिमनदीचा दिवस. बाल्कनी घ्यावी असं ज्या दिवसामुळे वाटतं, त्याच दिवशी ती डेकपुढे फिकी पडते. ग्लेशियर बे राष्ट्रीय उद्यानात एका दिवशी जास्तीत जास्त दोन क्रूझ जहाजांना प्रवेश मिळतो. उद्यानाचे रेंजर जहाजावर चढतात आणि काय दिसतंय ते ध्वनिक्षेपकावरून सांगत राहतात. हे निवेदन उघड्या डेकवर नीट ऐकू येतं; केबिनमध्ये ते टीव्हीच्या एखाद्या वाहिनीवर मिळतं किंवा मिळतच नाही, जहाजाजहाजावर अवलंबून. मार्जरी हिमनदीसमोर जहाज साधारण तासभर थांबतं आणि जागच्या जागी वळतं, म्हणजे दोन्ही बाजूंच्या बाल्कन्यांना पाळीपाळीने दर्शन. पण हिमनदीचा बर्फाचा कडा कोसळायला पाळी कळत नाही. शिवाय आवाज ऐकून धावत जाण्यात अर्थ नसतो: जहाज ८०० मीटरवर असेल तर गडगडाट पोहोचायला दोन सेकंदांहून जास्त लागतात, तोवर बर्फ पाण्यात गेलेला असतो. वरच्या डेकवरून किंवा त्या दिवसापुरता उघडलेल्या पुढच्या टोकावरून समोर आणि दोन्ही बाजू एकदम दिसतात. काही जहाजं हा पुढचा भाग उघडतात. तिथे तासभर आधी जागा धरावी लागते.

देवमाशांचंही तेच. कप्तान ‘डाव्या बाजूला हंपबॅक’ असं सांगतो आणि बाल्कनी उजवीकडे असते. बाल्कनीतून अर्धाच समुद्र दिसतो, हे आधीच मान्य करून टाकलेलं बरं.

मग पैसे कशाचे? अंतराचे. पलंगावरून कठड्यापर्यंत दहा सेकंद. जूनअखेरीस जुनोला पहाटे चारच्या जरा आधी सूर्य उगवतो आणि रात्री दहानंतर मावळतो. स्कॅगवेहून जहाज बहुधा संध्याकाळी निघतं आणि लिन कॅनॉलमधून दक्षिणेला येतं. नावात कॅनॉल असला तरी तो नैसर्गिक फ्योर्ड, म्हणजे हिमनदीने कोरलेली समुद्राची अरुंद खाडी आहे, सुमारे १४५ किलोमीटर लांब, दोन्हीकडे उभे डोंगर. त्या वेळी लोक जेवायला किंवा कार्यक्रमाला गेलेले असतात. जेवून आल्यावर पायजम्यावर जाकीट चढवून दहा मिनिटं बाहेर, परत आत, पुन्हा बाहेर: बाल्कनीचा खरा वापर असा होतो. खुर्ची टाकून तासन्‌तास बसणं इथे क्वचितच जमतं.

त्याचं कारण वारा. जहाज २० नॉटने, म्हणजे ताशी ३७ किलोमीटरने चाललं आणि हवा ८ अंश असली, तर अंगाला साडेतीन अंशांसारखी लागते. ५ अंशाला जवळजवळ शून्यासारखी. बाल्कनीला बाजूचे आडोसे असल्याने डेकपेक्षा झोत कमी लागतो, आणि वरच्या बाल्कनीचं छत पाऊसही बराच अडवतं. केचिकनसारख्या पावसाळी गावाच्या वाटेवर हे छत जास्त उपयोगी. हिमनदीजवळ जहाज अगदी हळू चालतं, पण बर्फावरून उतरणारा गार वारा तिथे असतोच. टोपी, हातमोजे आणि वारा अडवणारं जाकीट बाल्कनीसाठीही लागतात. ‘केबिनलाच लागून आहे, शाल पुरेल’ या हिशेबाने माणूस पाच मिनिटांत आत येतो.

आतल्या केबिनची बाजू लोक समजतात तेवढी लंगडी नाही. अठरा तासांच्या उजेडात तिथे मिट्ट काळोख मिळतो, झोप छान लागते. तोटा एवढाच की बाहेर धुकं आहे की ऊन, हे कळायला डेकवर जावं लागतं किंवा टीव्हीवर पुढच्या कॅमेऱ्याचं चित्र लावावं लागतं. उठून कपडे चढवून वर जाण्याचा आळस नसेल, तर आतली केबिन आणि डेक ही जोडी पैशाच्या मानाने सर्वांत सरस.

खिडकीची केबिन ही मधली निवड मात्र फसवी. काच उघडत नाही, तिच्यावर खारं पाणी वाळून डाग पडतात, फोटोत आतल्या दिव्याचं प्रतिबिंब येतं, आणि बर्फाचा तडतडाट, देवमाशाचा फुत्कार ऐकूच येत नाही. भाडं आतल्या केबिनच्या जवळ असेल तरच घ्यावी. बाल्कनीच्या जवळ असेल तर सरळ बाल्कनी.

बाल्कनी ठरली तर डेकचा नकाशा उघडून बघावा. ‘केबिन आम्ही देऊ ती’ अशा स्वस्त बुकिंगमध्ये समोर जीवरक्षक होडी टांगलेली निघू शकते. खालच्या काही डेकवर कठड्याला काचेऐवजी पत्रा असतो. वारा छान अडतो, पण बसल्यावर पत्राच दिसतो. पुढच्या टोकाकडच्या बाल्कन्यांना वाऱ्याचा मारा जास्त, आणि तिथे हेलकावेही मध्यापेक्षा जास्त. अगदी मागच्या बाल्कन्या चालत्या जहाजात वाऱ्याच्या आड असतात आणि तिथून दोन्ही किनारे दिसतात. बदल्यात इंजिनाची थरथर आणि कधी धुराड्याची काजळी. मळमळीचा त्रास असेल तर मध्यभागी, खालच्या बाजूची घ्यावी.

वापरताना एक काळजी: बाल्कनीचं दार उघडं असताना केबिनचं दार उघडलं की हवा आरपार धावते आणि दार धाडकन आपटतं. बोटं सांभाळावीत. बाहेर गार झालेला कॅमेरा आत आणण्याआधी बाहेरच पिशवीत घालून बंद करावा, नाहीतर आतल्या उबदार हवेत भिंगावर दव धरतं. दुर्बीण ८×४२ (आठपट मोठं दाखवणारी, ४२ मिमी भिंगाची) चांगली; दहापटीची जहाजाच्या थरथरीत जास्त हलते.

गुडघे कुरकुरतात, सोबत दुपारी झोपणारं लहान मूल आहे, गर्दी नकोशी वाटते किंवा पहाटेच्या फोटोंचं वेड आहे, तर बाल्कनी घ्यावी आणि मागे वळून बघू नये. दिवसभर डेकवर हिंडणाऱ्यांना ती कपडे वाळत घालायलाही धड कामाची नाही. त्यांनी फरकाच्या पैशात जुनोहून सुटणारी देवमासे दाखवणारी लहान बोट धरावी. अलास्कात हंपबॅकपासून किमान १०० यार्ड, म्हणजे ९१ मीटर दूर राहण्याचा नियम आहे. लहान बोट त्या मर्यादेपर्यंत मुद्दाम जाऊन थांबते आणि माणूस पाण्याच्या जवळ असतो. क्रूझ जहाज आपल्या वेगाने पुढे जातं आणि आठव्या मजल्यावरून शेपटी दिसलीच तर बोटभर दिसते.