दीडशेचा सकर, अकरा महिने आणि एक नोझल

परवा डीसोल्डरिंग पंपाचं नोझल गेलं, त्या रागात लिहायला बसलोय. पंप म्हणजे तोच, बोर्डावरचं वितळलेलं कथील ओढून घेणारा, दुकानात ज्याला सकर म्हणतात. गेल्या मे महिन्यात जळगावच्या गोलाणी मार्केटातून १५० रुपयांना आणला. घरचा टीव्ही बसला होता. लाल दिवा लुकलुकायचा, चित्र नाही. पाठ उघडली तर पॉवर सप्लायवर १००० मायक्रोफॅरडचे दोन कपॅसिटर डोकं फुगवून बसलेले. आमचा ४५ अंशांचा उन्हाळा, त्यात टीव्ही पश्चिमेच्या भिंतीला. ते तरी किती सोसणार!

पहिले दोन महिने पंपाला शिव्याच घातल्या. दट्ट्या दाबा, तापलेलं सोल्डरिंग आयर्न टेकवा, बटण दाबा, खट्! कथील जागच्या जागी. चिडून तिसऱ्यांदा आयर्न दाबून धरलं तर पॅडच (बोर्डावरची तांब्याची चकती) उखडला. मग तारेचा तुकडा लावून ट्रॅक सांधत बसलो. तेव्हा पंपाला पाचपैकी एकच तारा दिला असता.

पण खोट माझ्या हातात होती. जुन्या डागावर, म्हणजे कथिलाच्या सांध्यावर, आधी थोडं नवं ६०/४० (शिसं मिसळलेलं) कथील चढवायचं. काढायचंय तिथेच आणखी घालायचं, हे डोक्यात शिरायला वेळ लागला. हल्लीच्या बोर्डांवर बहुतेक बिनशिशाचं कथील असतं, ते साधारण २१७ अंशांच्या पुढे वितळतं. आपलं ६०/४० १९० च्या आसपासच पातळ होतं. दोन्ही मिसळली की डाग लवकर सैल पडतो, शिवाय नव्या कथिलाच्या तारेतली, डाग साफ करणारी राळ कामी येते. आयर्न ३५० वर, डाग चकाकला की आयर्न न उचलता सकर टेकवून खट्. भोकातून पलीकडचा उजेड दिसतो. (मोठा कपॅसिटर आधी मीटरने तपासा, प्लग काढल्यावरही त्यात ३०० व्होल्ट बसलेले असू शकतात.) विक, म्हणजे कथील शोषणारी तांब्याची विणलेली पट्टी, मी फक्त आयसीच्या (चिपच्या) बारीक पायांना वापरतो. भरलेली विक कापून फेकताना जीव तुटतो.

आता नोझल. आयर्न रोज घासून त्याचं तोंड एका बाजूने खाल्लं गेलं, हवा गळते, ओढ नाही. स्प्रिंग ठणठणीत, आतली रबरी रिंग ठीक. तीन दुकानं फिरलो. तिसऱ्याने मान वर न करता सांगितलं, "नवाच ली जा ना भो." बोटाच्या पेराएवढ्या तुकड्यासाठी पुन्हा दीडशे? नाही घेतला.

घरी येऊन सिलिकॉनच्या नळीचा सेंटीमीटरभर तुकडा नोझलवर चढवला. मूळच्यापेक्षा घट्ट बसतो, डागाभोवती दबतो, हवा सुटत नाही. पंपाला चार तारे. पाचवा नोझल न विकणाऱ्यांनी खाल्ला.

नळी मुलाच्या फिशटँकची होती. वीतभर कापली, म्हणून हवेचा पंप काचेच्या जवळ सरकवून ठेवलाय. त्याने अजून विचारलेलं नाही.